मिस्त्रींचं घर, अर्बाबची जागा

कुठल्याही घरात शिरायच्या आधी मिस्त्री भिंतीवर बोटांची पेरं आपटत. घर कोणाचं आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. एकदा मस्कतच्या मराठी मंडळींचा कार्यक्रम एका बड्या हॉटेलात होता. मिस्त्रींनी दारातच थांबून संगमरवरी खांबावर तीनदा टकटक केली, कान लावला आणि गुलाबपाणी शिंपडायला उभ्या असलेल्या बाईंना सांगितलं, "पोकळ आसा. वरसून चिकटवलेला." पुढचा सगळा कार्यक्रम त्यांनी त्या खांबाकडे संशयाने बघत काढला.

मला या माणसाचा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. त्यांना मिस्त्रींच्या घरात पाच वर्षं भाड्याने राहावं लागलं नव्हतं, आणि मिस्त्रींचं बोलणं चाळीस माणसांसमोर अरबीत सांगावंही लागलं नव्हतं.

मिस्त्री सिंधुदुर्गातले, हाडाचे गवंडी. ओमानात त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती. मी एका कंपनीत मंदूब होतो. मंदूब म्हणजे कंपनीचे कागद बगलेत मारून सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस. व्हिसा, कामगार खातं, नगरपालिका, पोलीस, या खिडकीतून त्या खिडकीत. वीस वर्षं हेच केल्यामुळे माझं अरबी बरं होतं आणि कागदावर माझी श्रद्धा होती. बायको-मुलं मिरजेला. मला स्वस्तातली खोली हवी होती आणि कोणीतरी सांगितलं की वादी अदाईच्या पुढे, डोंगर ओलांडून अमरातला एका कोकण्याचं घर आहे, तो वरच्या खोल्या देतो.

मी गेलो तेव्हा मिस्त्रींनी मला नाव, गाव, पगार यातलं काहीही विचारलं नाही. वरपासून खालपर्यंत बघून एवढंच म्हणाले, "भिंतीक खिळे मारतस?"

"गरज पडली तर मारीन," मी म्हणालो.

"गरज पडली तर माझ्या कपाळात मार. भिंतीक नाय." मग त्यांनी मला खोली दाखवली. गिलावा करतानाच त्यांनी सागवानी खुंट्या भिंतीत बसवल्या होत्या. शर्टाची वेगळी, छत्रीची वेगळी, कॅलेंडरची वेगळी. मस्कतमध्ये छत्री कशाला लागते, असं मी विचारलं. ते पुढची खुंटी दाखवायला लागले.

ते घर म्हणजे एक अजब प्रकरण होतं. बाहेरून बघाल तर शेजारच्या दहा घरांसारखं पांढरं, चौकोनी. आत कोकणातली पडवी, पडवीला कुठून तरी पैदा केलेली मंगलोरी कौलं, मागच्या बाजूला नहाणी आणि पुढे खळं. खळं म्हणजे अंगण, पण फरशीचं नव्हे. मिस्त्रींनी बरका गावातल्या एका शेतावरून पिकअपमधून गाईचं शेण आणलं आणि अमरातच्या रणरणत्या उन्हात खळं सारवलं. गल्लीतली ओमानी पोरं नाक धरून बघायला जमली. अर्बाबची थोरली बायको गाडीतून उतरलीच नाही. महिनाभराने अर्बाब स्वतः तिथे उशी घेऊन संध्याकाळी लोळायला लागला, कारण ते थंड राहायचं.

आता अर्बाब. ओमानात परदेशी माणसाला अशी जमीन घेता येत नाही आणि स्थानिक मालकाच्या नावाशिवाय साधा गवंडीकामाचा ठेकाही चालवता येत नसे. तो जो नावाचा धनी, तो अर्बाब. मिस्त्रींचा अर्बाब सरकारी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता, पुढे निवृत्त झाला. सरळ, गरीब, दोन बायकांचा, पोराबाळांच्या लेंढाराचा माणूस. मिस्त्रींचा लहानसा ठेका कागदोपत्री त्याचा. मिस्त्रींच्या ओळखपत्रावर धंदा लिहिलेला, 'गवंडी', आणि खाली मालक म्हणून अर्बाबचं नाव. त्याला सरकारच्या सोडतीत अमरातला प्लॉट लागला होता. सरकार जमीन देतं, बांधायला काय देणार? प्लॉट आठ वर्षं नुसता पडून होता. शेळ्या चरत होत्या.

दोघांचं ठरलं ते त्या मोकळ्या प्लॉटवर उभ्या उभ्या. जागा अर्बाबची, घर मिस्त्री स्वतःच्या कमाईतून बांधणार. दर्शनी मजलिस, म्हणजे पाहुण्यांची मोठी खोली, अर्बाबची. बाकी घर मिस्त्रींचं. मिस्त्री कायमचे गावी निघतील तेव्हा अर्बाब बांधकामाची रास्त किंमत देईल, आणि त्यात मिस्त्री कुडाळच्या बाजूला एकट्याच्या नावावर जागा घेऊन बायकोला घर बांधून देतील. हे सगळं दोघे कुठल्या भाषेत बोलले देव जाणे. मिस्त्री जगातल्या प्रत्येक माणसाशी मालवणीत बोलत. मोठ्याने आणि सावकाश बोललं की कोणालाही मालवणी कळते अशी त्यांची खात्री होती. अर्बाबला खरंच कळायची. "मिस्त्री, पानी मारला?" असं तो विचारायचा, तेव्हा मला हसू आवरायचं नाही.

पाणी मारणं हा मिस्त्रींचा धर्म होता. "भिंत म्हणजे बाळंतीण. तिका एकवीस दिवस जपूक व्हया," असं ते म्हणत. जून महिन्यात, लोखंडी दरवाज्याला हात लावला तर कातडी सोलून निघते अशा दिवसांत, ते ओली गोणपाटं भिंतीवर टाकून पाण्याचा पाईप हातात धरून उभे राहत. आजूबाजूचे ठेकेदार तीन दिवसांत पाणी बंद करून रंग मारून मोकळे व्हायचे. मिस्त्री त्यांच्या भिंती जाता-येता वाजवून बघत आणि त्यांच्या तोंडावर निकाल सांगत. एका पाकिस्तानी ठेकेदाराशी त्यांची त्यावरून मारामारी व्हायची राहिली. शेवटी त्यानेच स्वतःच्या अर्बाबचं घर बांधताना मिस्त्रींना बघायला बोलावलं.

देवांच्या बाबतीतही त्यांचा असाच एक नियम होता. तुळस होती, पण पत्र्याच्या डब्यात. वृंदावन का बांधत नाही, असं मी एकदा विचारलं. एवढं सगळं कोकण उभं केलंत, तेवढंच राहिलं.

"घर माझा, जमीन तेची," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या जमिनीत देव लावूचो नाय. उद्या उचलूक लागलो तर?"

म्हणजे हे कळत होतं! देव उचलायला लागू शकतो हे ज्याला कळतं, त्याला माणूस उचलायला लागू शकतो हे कळू नये? मी हे त्यांना तिथल्या तिथे विचारलं. त्यांनी तुळशीला पाणी घातलं आणि आत गेले.

मला त्यांच्या डोक्यातला हा गुंता सुटायला बराच वेळ लागला. आम्ही घाटावरची माणसं. आमच्याकडे जमिनीवर दोन भाऊ भांडतात, फार तर चार. मिस्त्रींच्या गावातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बेचाळीस नावं होती. पणजोबांपासून कोणी वाटणी केलेली नाही. त्यातले निम्मे मुंबईला, एक बडोद्याला, तिघे मेलेले आणि त्यांचे वारस लावलेले नाहीत. तिथे स्वतःच्या हिश्श्यात एक खोली बांधायची तर सगळ्यांची संमती हवी. मिस्त्रींनी एक अख्खी रजा त्यात घातली. साठ दिवस एसटीने आणि रेल्वेने फिरून त्यांनी बहुतेकांच्या सह्या जमवल्या. शेवटच्या एका चुलतभावाने फणसाच्या झाडावरून अडवून धरलं. तो फणस कोणाचा हे सिद्ध करा, मग सही. मिस्त्री परत आले ते कागदाचा द्वेष घेऊनच.

"थंय बेचाळीस सह्यो व्हयेत," ते म्हणायचे. "हंय एका माणसाचो शब्द पुरे."

तो एक माणूस मरणार आहे, हे या हिशेबात कुठेच नव्हतं.

बायकोला त्यांनी एकदाच तिथे आणलं, भेटीच्या व्हिसावर, दोन महिने. वहिनी बोलायला कमी. गावी त्या सामाईक घरातल्या एका खोलीत राहायच्या. दोरी बांधायची तर जावेला विचारायचं, चूल बदलायची तर दिराला. अमरातला आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी मागच्या अंगणात कपडे वाळत घातले आणि दोरीकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. मी वरून बघत होतो. मग त्यांनी ती दोरी सोडली आणि दुसरीकडे बांधली. थोड्या वेळाने तिसरीकडे. मिस्त्री पडवीत बसून विडी ओढत बघत होते. त्या जाताना विमानतळावर रडल्या नाहीत. "पावसाआधी कौलां बघून घेवा," एवढंच म्हणाल्या. अमरातला पाऊस वर्षातून दोनदा पडतो.

वहिनी परत गेल्यावर मात्र मला राहवेना. मी ठरवलं की आता कागद करायचाच. माझा धंदाच तो. मी अरबीत मजकूर तयार केला. ही जागा माझी, त्यावरचं घर या माणसाने स्वखर्चाने बांधलं आहे, तो देशात असेपर्यंत इथे राहील, मला किंवा माझ्या वारसांना घर हवं असेल तर जाणकारांनी ठरवलेली किंमत त्याला द्यावी. हा कागद कोर्टात कितपत टिकला असता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परदेशी माणसाला घराची मालकी मिळालीच नसती. पण खर्च कोणाचा, एवढं तरी पांढऱ्यावर काळं झालं असतं. रुवीत एका टायपिंगच्या दुकानातून मी दोन प्रती काढून आणल्या आणि अर्बाबला गाठलं.

अर्बाबने चष्मा लावून एक एक ओळ मोठ्याने वाचली. मग म्हणाला, "बरोबर आहे. माझे वडील साठीत गेले, मी आता त्याच वयाचा आहे. सही करतो." हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं. मी हे लिहून ठेवतो आहे, कारण पुढे लोकांनी या माणसाला लबाड म्हटलं.

शुक्रवारी खळ्यात काहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन बसलो. अर्बाब डोक्याला नक्षीचा मुसर बांधून, सणाला यावं तसा आला होता. मिस्त्री हातपाय धुऊन आले, मांडी घालून बसले. "काय आसा ह्या?"

मी मालवणीत जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. अर्बाबने पेनाचं टोपण काढलं होतं. मिस्त्रींनी तो कागद अर्बाबच्या हातातून हळूच काढून घेतला, चार घड्या घातल्या, आणि काहव्याचं बुटकं टेबल एका पायात डगमगत होतं, त्याच्याखाली सारला. टेबल हलवून बघितलं. हललं नाही.

"आता कामाक इलो," ते म्हणाले. "अर्बाब, कागद करतत ते भांडूक करतत. तुका माझ्याशी भांडूचा आसा?"

"ला, ला!" म्हणजे नाही, नाही, असं अर्बाब म्हणाला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मला हसू आलं नाही. मी दुसरी प्रत फाईलमध्ये घातली आणि वर जाऊन दार आपटलं. खालून मिस्त्री ओरडले, "मेल्या घाट्या, चौकट हलता!"

त्यानंतर दीडेक वर्षाने अर्बाब गेला. रक्तदाब होता, गोळ्या घ्यायचा कंटाळा होता. सकाळी मशिदीतून आला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

दुखवट्याचे तीन दिवस लोक बसायला येतात. अर्बाबचं स्वतःचं जुनं घर लहान, म्हणून पुरुषांची बैठक अमरातच्या मजलिसमध्ये झाली, मिस्त्रींनी बांधलेल्या खोलीत. मिस्त्री तिन्ही दिवस दाराशी उभे राहून येणाऱ्यांच्या चपला सरळ लावत होते. काहव्याची सुरई घेऊन फिरत होते. आपलंच माणूस गेल्यासारखे काळवंडले होते, आणि ते ढोंग नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अर्बाबचा थोरला मुलगा उठून उभा राहिला. तिशीतला, सरकारी नोकरीत, शांत बोलणारा. त्यांच्याकडे रीत आहे. गेलेल्या माणसाच्या डोक्यावर कोणाचा हक्क राहू नये म्हणून वारस सगळ्यांसमोर विचारतात. तो म्हणाला, "माझ्या वडिलांकडे कोणाचं काही असेल तर आज सांगा. त्यांना कबरीत ओझं नको." एक-दोघं उठले, काही किरकोळ सांगितलं. मुलाने मान डोलावली. मग तो मिस्त्रींकडे वळला आणि मला म्हणाला, "याला सांग. याने माझ्या वडिलांबरोबर सगळ्यात जास्त वर्षं काढली. याचं काही असेल तर ते मला आधी कळायला हवं."

मी सांगितलं. मिस्त्रींनी सुरई खाली ठेवली.

"नाय," ते म्हणाले. "माझा काय नाय."

मी तसंच अरबीत सांगितलं. मुलगा थांबला. त्याने वर छताकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं. "वडील एकदा म्हणाले होते, हे घर मिस्त्रीने उभं केलं. विचार त्याला. घराचं काही आहे का?"

त्या माणसाने आणखी काय करायला हवं होतं? ताटात वाढून समोर ठेवलं होतं.

मी मिस्त्रींच्या कानाशी लागून बोललो. नुसतं भाषांतर केलं नाही. म्हणालो, "मिस्त्री, वहिनींसाठी बोला. आत्ताच. ही वेळ परत येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मुलाकडे बघत, मोठ्याने आणि सावकाश म्हणाले, "बांधूचा माझा कामच आसा. मजुरी मिळाली. तेना माका सगळा दिल्यान."

चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय करू शकलो असतो? खोटं सांगू शकलो असतो. 'हो, घर याचं आहे' असं मी अरबीत म्हटलं असतं, तर त्या खोलीतल्या एकाही ओमान्याला मालवणी येत नव्हती. ज्याला येत होती त्याला पुरून तीन दिवस झाले होते. पण वीस वर्षं मंदूबगिरी केलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पोचवायची सवय लागते, आणि परक्या देशात चाळीस यजमानांसमोर ती सवय मोडायची छाती माझ्यात नव्हती. मी म्हणालो, "तो म्हणतो, त्याला त्याची मजुरी मिळाली." लोकांनी मिस्त्रींसाठी दुवा मागितली. म्हाताऱ्यांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवले. मला तिथेच त्यांचं मानगूट धरावंसं वाटलं.

संध्याकाळी मी त्यांना गाडीत घालून डोंगरावरच्या रस्त्याला नेलं, कारण घरात ओरडलो असतो तर गल्ली जमली असती. काय वाट्टेल ते बोललो. मूर्ख म्हणालो. बायकोला रस्त्यावर आणलीत म्हणालो. स्वतःच्या मोठेपणाची हौस भागवलीत, असंही म्हणालो.

"बापूस मेलो तेव्हा मी वीस वर्साचो होतंय," ते म्हणाले. "बापाशीचा मडा खळ्यात होता. आणि मी काकाक काजीच्या झाडांचो हिस्सो मागलंय. सगळ्या गावासमोर, बोंबलान. आवशीन त्या दिवसापासून मरासर माका हाक मारल्यान नाय. मेलेल्या माणसाच्या दारात मी एकदा हक्क मागलंय. परत नाय."

"अहो, पण इथे ते स्वतः विचारत होते! त्यांच्यात ती रीत आहे! न सांगणं हाच त्यांच्यात दोष!"

"तेंच्यात असात," मिस्त्री म्हणाले. "माझ्यात नाय."

मला तेव्हा त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आजही फारसं वाटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी स्वतः केलेल्या चुकीचं प्रायश्चित्त घ्यायचं होतं तर स्वतःच्या कातडीने घ्यायचं. त्यांनी ते वहिनींच्या दोरीवर काढलं.

महिन्याभराने मी एकटाच त्या मुलाकडे गेलो आणि फाईलमधली दुसरी प्रत त्याच्यासमोर ठेवली. त्याने दोनदा वाचली. "खाली वडिलांची सही कुठे आहे?" तो म्हणाला. मी टेबलाच्या पायाची गोष्ट सांगितली. तो कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तू स्वतः उत्तर दिलंस. आता आम्ही चौदा वारस आहोत. दोन आया, त्यांची मुलं, त्यातली पाच लहान. लहानांच्या वाट्याला मला हात लावता येत नाही, ते पाप आहे. माझ्या एकट्याच्या वाट्यातलं मी देईन. पण त्याने येऊन मला सांगू दे की त्याचं होतं. नाही तर मी कशाचं म्हणून देऊ?"

त्या आठवड्यात तो स्वतः अमरातला आला, खळ्यात बसला आणि तिसऱ्यांदा विचारलं. मिस्त्रींनी त्याला खजूर दिले, काहवा दिला आणि म्हणाले, "बोललंय तां बोललंय. खलास."

चौदा जणांत वाटायचं तर घर विकण्यावाचून इलाज नव्हता. मुलाने तीन महिने मुदत दिली. मिस्त्रींना दुसरीकडे काम धरायला रीतसर सोडपत्र दिलं, तेही न मागता. विकत घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात पडवीची कौलं उतरवली आणि खळ्यावर सिमेंटचे ठोकळे बसवले. आमच्या मराठी मंडळींना शुक्रवारच्या गप्पांना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. "आम्ही सांगितलेलं, अरबाच्या नावावर काही ठेवू नये," असं जे जे म्हणत होते, त्यातल्या निम्म्यांची दुकानं, गॅरेजं आणि गाड्या अर्बाबच्याच नावावर होत्या. त्यांनी कोणी कागद केले नव्हते. मी फाईल घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मला चहा पाजून वाटेला लावलं.

मिस्त्री सोहारला गेले. औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे रोजंदारीसारखं काम, दहा जणांत एक खोली. फोनवर विचारलं की म्हणायचे, "भिंती पोकळ आसत हंयच्यो." वहिनींना त्यांनी एवढंच कळवलं होतं की अर्बाब गेला आणि घर गेलं. पुढचं वर्ष सरायच्या आत, उन्हाळ्यात, कामावरच्या दुपारच्या सुट्टीत सावलीला आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्या ठेकेदाराच्या मंदूबला काही सुधरेना, म्हणून कागद मीच केले. हॉस्पिटल, पोलीस, वकिलात, विमान कंपनी. चार दिवसांत सगळ्या सह्या आणि शिक्के मिळाले. माझ्या उभ्या नोकरीत एवढं सुरळीत झालेलं काम तेच.

त्यांची पिशवी गावी पोचवायची राहिली होती. थापी, ओळंबा, पाणसळ, दोन लुंग्या आणि तुळशीच्या मंजिऱ्यांची पुडी. माझ्या पुढच्या रजेत मी मिरजेहून गाडी करून गेलो. वहिनी त्याच सामाईक घरातल्या एका खोलीत होत्या. त्यांनी पिशवी उघडली नाही, खुंटीला लावली. मला कोकम सरबत दिलं आणि समोर बसल्या. दारात एक चुलतदीर सुपारी कातरत उभा होता, उगाच.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एक इचारतंय. खरा सांगा. अर्बाब गेलो तेव्हा तुम्ही थंय होतास. ह्यांका कोणीच इचारल्यानी नाय? मिस्त्री, तुझा काय आसा, म्हणान?"

मी सरबताचा ग्लास हातात घेतला.

"कोणी नुसता इचारला असता ना, तरी ह्यांनी सांगितल्यानी असता," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी तरी सांगितल्यानी असता."

मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. इतक्या वर्षांचा राग तोंडाशी आला होता.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "कोणी विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. दारातला चुलतदीर म्हणाला, "मी म्हटलंय नाय? चोर मेले." तीन तीन वेळा विचारणाऱ्या अर्बाबच्या मुलाला मी त्या घरात चोर ठरवलं आणि ग्लासातलं सरबत पिऊन टाकलं.